हसण्यास हरकत नाही

गुरुवार, ३ सप्टेंबर
मिस हॅलोज यांनी आज मला नवा कार्यक्रम दिला. टीव्ही महामंडळाच्या तिकीट विभागात आल्यापासून मी बागकामाची प्रश्नमंजुषा आणि ब्रास बँडची स्पर्धा या दोनच कार्यक्रमांना प्रेक्षक बसवत आलो आहे. एकदाही खुर्ची रिकामी राहिलेली नाही. नव्याचं नाव 'बुधवारी अर्धा दिवस'. हा कसला कार्यक्रम, असं मी विचारलं.

"विनोदी," मिस हॅलोज म्हणाल्या. "असं त्यांचं म्हणणं आहे."

"म्हणजे कशा प्रकारचा विनोदी?"

"मिस्टर कॅपस्टिक, हा प्रश्न मला वरच्या मजल्यावर विचारला तेव्हा मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर आले. तुम्हीही खोकायला शिका. दर रविवारी संध्याकाळी रेकॉर्डिंग. स्टुडिओ भरलेला हवा."

लोअर पेनफोल्ड गावच्या महिला मंडळाने ऑर्गनवादनाची तिकिटं मागितली होती, ती संपली आहेत. त्यांची बस मी इकडे वळवली. शेवटी दोन्ही करमणूकच. उरलेल्या जागांवर निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांचा क्लब.

रविवार, ६ सप्टेंबर
कुणीही हसलं नाही.

सुरुवातीला गावचं भाजी-प्रदर्शन होतं. टेबलावर सलगम, कांद्याच्या पाती, भोपळे आणि त्यांच्या शेजारी तीन पाद्री आडवे ठेवलेले. गळ्यात नंबराच्या चिठ्ठ्या. परीक्षक येतात, पाद्र्यांवर टिचकी मारून आवाज ऐकतात, वजन करतात आणि पहिल्याला बक्षीस देतात, कारण तो 'आतून पोकळ नाही'. मग तो पाद्री ढकलगाडीवर घालून नेतात. कॅमेरा गाडीच्या मागे जातो तो थेट एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, आणि तिथे वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. पाद्र्याचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही.

मंडळाच्या अध्यक्षा मिसेस बॅटली यांना मी दारापर्यंत पोहोचवलं. कार्यक्रम आवडला का, असं विचारलं.

"दुसऱ्या पाद्र्यावर अन्याय झाला," त्या म्हणाल्या. "रंग त्याचाच चांगला होता. आमच्याकडे असा परीक्षक असता तर पुन्हा बोलावला नसता."

"पण आपण हसलात का?"

"प्रदर्शनात कोण हसतं? लोकांनी वर्षभर मेहनत घेतलेली असते."

बाहेर कॉरिडॉरमधे मिस्टर रोलंड फेन भिंतीला टेकून उभे होते. कार्यक्रम ते आणि मिस्टर डेन्झिल प्रोथेरो असे दोघे मिळून लिहितात आणि त्यात कामही करतात. फेन फार उंच आहेत, विद्यापीठात शिकलेले. अजून पाद्र्याच्या वेषातच होते.

"ही माणसं कुणी आणली?"

"मी, सर."

"वा. माझ्या आजोबांना पुरलं तेव्हासुद्धा लोक यापेक्षा जास्त खिदळले होते."

मंगळवार, ८ सप्टेंबर
सहाव्या मजल्यावर बोलावणं आलं. करमणूक खात्याचे प्रमुख मिस्टर स्टॅन्स्फील्ड यांनी रविवारच्या रेकॉर्डिंगची ध्वनिफीत लावली. तीत फेनसाहेबांचा आवाज, वजनकाट्याचा आवाज आणि कुणीतरी शिंकल्याचा आवाज होता.

"हे हसू आहे का, कॅपस्टिक?"

"नाही, सर. शिंक आहे."

फेनसाहेब आणि प्रोथेरोसाहेब तिथेच बसले होते. डब्यातलं तयार, आधीच रेकॉर्ड केलेलं हसू वरून चिकटवा, असं स्टॅन्स्फील्डसाहेबांनी सुचवलं, तर दोघंही ठाम नाही म्हणाले. तेव्हा असं ठरलं: एकूण चार रेकॉर्डिंगं. चौथ्याच्या वेळी साहेब स्वतः मागच्या रांगेत बसतील. प्रेक्षक हसले तर कार्यक्रम पुढे चालेल, नाही तर त्या वेळेत स्नूकर दाखवतील. मी पुन्हा तळघरात पाकिटं चिकटवायला जाईन, हे त्यांनी सांगितलं नाही. मिस हॅलोज यांनी सांगितलं.

पाकिटांचं मला वाईट वाटत नाही, पाकिटं मी चांगली चिकटवतो. पण पाद्री आतून पोकळ आहे की नाही हे टिचकी मारून बघायचं त्या माणसांना कसं सुचलं, हे मला कळायला हवं. दोन दिवस डोक्यात तेवढंच आहे. मी स्वतः हसलो नाही, हेही इथे नोंदवतो.

गुरुवार, १० सप्टेंबर
परवानगी घेऊन तालमीला गेलो. तालीम चर्चच्या सभागृहात असते. तिथे सेट नसतो, जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावून भिंती, काउंटर, दारं सगळं आखलेलं असतं. हे काम डोरीन पाइक करते. स्टुडिओच्या फ्लोअरची व्यवस्था तिच्याकडे आहे. कुठली पट्टी काय हे तिने मला सांगितलं: पिवळी म्हणजे ग्रंथालयाची भिंत, दोन लाल खुणांच्या मधे दार.

चहा खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता. मी भिंतीच्या कडेने दारापर्यंत गेलो, आत शिरलो, ग्रंथालय ओलांडून दुसऱ्या दाराने बाहेर पडलो. चहा घेऊन तसाच परत आलो. सगळे गप्प झाले होते. मला वाटलं, मी तालीम मोडली.

"तू भिंतीतून का नाही गेलास?" प्रोथेरोसाहेबांनी विचारलं. ते वेल्सचे, बुटके, आवाज मात्र चर्चच्या व्यासपीठाचा. त्यांचे वडील धर्मोपदेशक आहेत.

"सर, भिंत होती."

फेनसाहेब एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. थंडी असावी, त्या सभागृहात शेगडी नाही.

आजचा प्रसंग असा: एक गृहस्थ ग्रंथालयात येतात, बगलेत मावशी. मावशीची मुदत संपलेली आहे, त्यांना आणखी पंधरवडाभर ठेवायची आहे. ग्रंथपाल म्हणतात, दुसऱ्या एका वाचकाने हिच्यासाठी नाव नोंदवलंय, शिवाय हिच्यावर चहाचा डाग आहे.

मी प्रोथेरोसाहेबांना विचारलं, मावशी मुळात ग्रंथालयाची, की त्यांची?

"चांगला प्रश्न. तुला काय वाटतं?"

"ग्रंथालयाची असेल तर तिच्यावर शिक्का हवा, सर."

ते डोरीनकडे वळून म्हणाले, "शिक्का. कपाळावर." तिने लिहून घेतलं.

मग मी विचारलं, प्रसंगाला शेवट का नाही.

"तुझ्या घरी चहावरच्या गप्पा कशा संपतात, विल्फ?"

"कुणीतरी उठून कप धुतं."

"झालं तर. आमच्याकडे कपच नाही. सगळे विनोदवाले शेवटी एक फटाका लावतात आणि लोक तो कधी वाजतो याची वाट बघत बसतात. मधलं सगळं वाया. आम्ही फटाका काढून टाकलाय."

मी यावर बसमधे बराच विचार केला. फटाका काढला तर लोकांना आवाज कधी करायचा ते कसं कळणार?

रविवार, १३ सप्टेंबर
आज घरमालकीणबाई मिसेस ऑकेंडन यांना आणि त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणींना बोलावलं होतं. घरात त्या मोकळेपणाने हसतात, शेजारी भिंतीवर थापा मारेपर्यंत, म्हणून मला आशा होती.

त्या हातमोजे घालून, पर्स मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ताठ बसल्या. मावशीच्या कपाळावर शिक्का मारला तेव्हा चौथ्या रांगेत कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. बाकी काही नाही.

प्रोथेरोसाहेब जाताना म्हणाले, "गेल्या रविवारी शिंक, आज खोकला. प्रगती आहे, विल्फ. चौथ्यापर्यंत न्यूमोनिया होईल."

सोमवार, १४ सप्टेंबर
सकाळी हेरिंग मासा आणि टोस्ट खाताना मिसेस ऑकेंडनना स्पष्टच विचारलं.

"वाईट नव्हतं रे, विल्फ्रेड. पण ती मावशी कुणाची?"

"नक्की नाही."

"तिला उचललं तेव्हा तिचा पाय टेबलाला लागला. त्या वयात हाडं लवकर जुळत नाहीत. माझं निम्मं लक्ष तिच्या पायाकडेच."

"पण तुम्हाला हसू आलं नाही?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, तरी आवाज खाली केला. "आलं. पोटात दुखलं इतकं आलं. शिक्का मारला तेव्हा तर एडिथने माझा दंड इतका करकचून धरला की बघ, वळ उठलाय. पण दुसऱ्याच्या मावशीला हसायचं कसं? तिथे इतकी माणसं कोट-टाय घालून गंभीरपणे काम करताहेत, आणि आपण आमंत्रणावरून गेलेल्या पाहुण्यांनी दात काढायचे? कुणीतरी आधी सांगायला हवं ना, की बाई, हसलात तर चालेल."

मी मासा तसाच ठेवून उठलो. सगळ्यांना हसू आलं होतं. ते तोंड दाबून बसले होते.

म्हणजे चुकीची माणसं आणली नव्हती. त्यांना सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि सांगणं हे तर माझ्याच विभागाचं काम.

गुरुवार, १७ सप्टेंबर
तीन संध्याकाळ खपून एक माहितीपत्रक तयार केलं. रविवारी प्रत्येक खुर्चीवर ठेवणार. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, तेव्हा शब्दकोश जवळ घेऊनच बसलो. 'धर्मोपदेशक' दोनदा तपासला. मजकूर इथे उतरवून ठेवतो:

'प्रेक्षकांसाठी माहिती. आजच्या कार्यक्रमात एका घरी दुपारी चार वाजता समुद्र येतो. हा समुद्र निळ्या कापडाचा असून पहिल्या रांगेतील प्रेक्षकांच्या बुटांना धोका नाही. समुद्र का येतो असे लेखकांना विचारले असता "चहाला" असे उत्तर मिळाले. अधिक चौकशी चालू आहे.

'त्यानंतर ग्रंथालयाची मावशी उशिरा परत केली जाते. मावशी खरी नाही. बाई खरी आहे, परंतु ती कुणाचीही मावशी नसल्याची खात्री करून घेतली आहे. तिचा पाय आता बरा आहे. कपाळावरचा शिक्का साबणाने जातो.

'प्रसंगांना शेवट नाही. तो विसरलेला नसून तसे ठरलेले आहे. एक प्रसंग संपला हे दुसरा सुरू झाल्यावर लक्षात येईल. न आल्यास काळजी करू नये.

'कार्यक्रम विनोदी आहे. कुणाचाही अपमान होत नाही, धर्मोपदेशकांचाही नाही, त्यांना विचारले आहे. हसण्यास हरकत नाही. न हसणाऱ्यांवर सक्ती नाही.'

मिस हॅलोज फोनवर बोलत होत्या. त्यांनी न वाचताच सही केली. डोरीनने छपाईयंत्राचं हँडल फिरवायला मदत केली. तिला मधेमधे थांबावं लागत होतं, शाईच्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. रेकॉर्डिंग नसतं त्या रविवारी मी काय करतो, असं तिने विचारलं. बूट पॉलिश करतो, असं सांगितलं.

"दिवसभर?"

"नाही, जेवणाआधी."

तिने पुन्हा हँडल फिरवायला घेतलं.

रविवार, २० सप्टेंबर
काय लिहावं!

महिला मंडळाची बस पुन्हा आली होती, दुसऱ्या पाद्र्याचं काय झालं ते विचारायला. सगळ्यांनी बसल्याबरोबर पत्रकं वाचायला घेतली. मी बाजूच्या जिन्यावर उभा होतो. आधी एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मग मिसेस बॅटली यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज आला जसा उकळत्या किटलीचं झाकण उडावं. तिथून जे सुरू झालं! कार्यक्रमाला अजून वेळ होता, दिवेही मंद झाले नव्हते, आणि अख्खा स्टुडिओ हसत होता.

समुद्र आला तेव्हा पहिल्या रांगेने एकदम पाय वर घेतले आणि त्यावर सगळे पुन्हा हसले. मावशी आली तर टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "पाय कसा आहे?" फेनसाहेबांना पुढचं वाक्य बोलायला थांबावं लागलं. आणि दुसरा प्रसंग सुरू झाला तेव्हा मागून एक म्हातारे टपालवाले शेजारणीला म्हणाले, "म्हणजे पहिला संपला बघा," तर त्यावर अर्धी रांग लोळली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण ते चुकीच्या ठिकाणी हसत होते. माहिती वाचून का हसावं? मी एकही विनोद लिहिला नव्हता.

नंतर फेनसाहेब जिन्यात बसलेले दिसले. हातात पत्रक, चेहरा लालबुंद, गालांवर पाणी. मी म्हणालो, सर, तुमच्या कामात लुडबुड झाली असेल तर मी माफी मागतो. त्यांनी 'जा' असा हात केला. बोलता येत नव्हतं इतके रागावले होते.

सोमवार, २१ सप्टेंबर
रागावले नव्हते, असं प्रोथेरोसाहेब म्हणतात. "विल्फ, गड्या, आम्ही दोघं महिनाभर डोकं फोडतोय आणि तू एका वाक्यात 'अधिक चौकशी चालू आहे' म्हणून मोकळं व्हावंस. रोलंड रात्रभर तेच म्हणत फिरत होता. चौथ्यासाठीही लिही. साहेब येणार आहेत. त्यावरच सगळं आहे."

लिहीन म्हणालो. पत्रक विनोदी होतं हे आता कळलं आहे, तेव्हा या वेळी आणखी विनोदी लिहिता येईल.

बुधवार, २३ सप्टेंबर
ग्रंथालयातून विनोदाची तीन पुस्तकं आणली. नवं पत्रक लिहून तालमीत वाचून दाखवलं. त्यात एक आयरिश माणूस होता, एक सासू होती आणि प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी एक फटाका होता.

कुणी हसलं नाही. डोरीन चिकटपट्टीचं रीळ न्याहाळत बसली.

"हे कुणासाठी लिहिलंस?" फेनसाहेबांनी विचारलं. आवाज मऊ होता, त्यामुळे जास्त लागलं.

"लोकांनी हसावं म्हणून, सर."

"आणि ते पहिलं?"

"त्यांना कळावं म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी विचारलं, फरक काय ते सांगा म्हणजे दुरुस्त करतो. प्रोथेरोसाहेब म्हणाले, "तेवढंच सांगता येत नाही, बाबा. सांगितलं की तुझ्या हातून ते जाईल." हे उत्तर मला अन्यायाचं वाटतं. एखाद्याला चूक दाखवायची आणि दुरुस्ती सांगायची नाही!

शुक्रवार, २५ सप्टेंबर
सगळंच बारगळलं. सहाव्या मजल्यावरून लेखी हुकूम आला: पत्रक बंद. महामंडळाने आपल्याच कार्यक्रमाचा खुलासा छापणं म्हणजे माफी मागण्यासारखं आहे, आणि 'कुणाचीही मावशी नसल्याची खात्री' कोणत्या अधिकारात केली, याचं उत्तर मिस हॅलोज यांना द्यायचं आहे.

"मी आता मोठ्याने खोकणार आहे, मिस्टर कॅपस्टिक," त्या म्हणाल्या.

परवा साहेब मागच्या रांगेत असतील, खुर्च्यांवर काही नसेल आणि लोक पुन्हा पर्स मांडीवर ठेवून ताठ बसतील. मग स्नूकर. मला स्नूकर समजतं. चेंडू भोकात गेला की गुण मिळतात. यांचं मात्र मला अजून काहीच कळलेलं नाही, आणि ते कळायच्या आधीच बंद होणार. जेवण गेलं नाही. मिसेस ऑकेंडननी कस्टर्ड झाकून ठेवलं.

रविवार, २७ सप्टेंबर
जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

लोक आले, खुर्च्यांवर काही नाही हे पाहिलं आणि पत्रक मागू लागले. ऐकीव माहितीवर नवे लोकही आले होते, तेही मागू लागले. मिसेस बॅटली म्हणाल्या, "कागद नाही? मग आम्हाला कळणार कसं?" हळूहळू सगळे गप्प झाले, हातमोजे सावरले, आणि मी पहिल्या रविवारी पाहिली होती ती शांतता पसरली. मागच्या रांगेत स्टॅन्स्फील्डसाहेब येऊन बसले.

मी पडद्यामागे धावलो. लोकांना निदान पत्रक का नाही एवढं सांगायला हवं, तोंडी सांगायला हुकुमात बंदी नाही, असं म्हणालो. फेनसाहेब टोपी घालत होते, ते थांबले.

"तू सांगशील?"

"मीच सांगायला हवं, सर. विभाग माझा आहे."

"जा मग. घाई करू नकोस. सगळं नीट सांग." मग ते कॅमेऱ्याजवळ जाऊन कुणाशी तरी बोलले. डोरीनला म्हणाले, "त्याच्या मागोमाग मायक्रोफोन घेऊन जा."

पहिल्या प्रसंगाचा सेट अजून आत आणायचा होता. फ्लोअर मोकळा होता, नुसत्या पट्ट्या: बँकेची भिंत, काउंटर, लाल खुणांचं दार. मायक्रोफोनची जागा बँकेच्या आत होती. मी भिंतीच्या कडेने गेलो, दारातून आत शिरलो. एक हशा झाला. माझ्या मागे कुणी नट आला असेल म्हणून वळून पाहिलं, तर डोरीन होती, दोन्ही हातांत तारा. मी तिच्यासाठी दार धरलं. ती "थँक यू" म्हणून आत आली. मी दार लावून घेतलं.

पुढे काही वेळ मला बोलताच आलं नाही, इतका गोंगाट झाला. मी हात वर करून लोकांना विनंती केली, की माझं निवेदन अद्याप सुरू झालेलं नाही. त्याने गोंगाट वाढला.

मग सांगितलं. पत्रक वरून बंद करण्यात आलं आहे. वर म्हणजे सहाव्या मजल्यावर, देवाघरी नव्हे, कुणाचा गैरसमज नको. मावशी खरी नाही हे मी आता अधिकृतपणे म्हणू शकत नाही, पण त्या आज येणार आहेत. बँकेत एक गृहस्थ आपला कंटाळा जमा करायला येतील. कंटाळा टिनच्या डब्यात आहे, डबा रिकामा आहे, मी उघडून पाहिला. हसण्यास हरकत आहे की नाही याबद्दल हुकुमात काहीच म्हटलेलं नसल्यामुळे ते प्रत्येकाने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावं.

एवढं सांगून झालं आणि मला पेच पडला, आता थांबायचं कसं. शेवट मी लिहिलाच नव्हता. मी म्हणालो, "आता मला कप धुवायचे आहेत," आणि दाराने बाहेर आलो.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू होता हे मला तेव्हा दिसलं. आधीपासून चालूच होता, डोरीन म्हणाली. ती हसत होती आणि तिने माझी बाही धरली होती. पडू नये म्हणून असावी.

मंगळवार, २९ सप्टेंबर
स्टॅन्स्फील्डसाहेबांनी ध्वनिफीत ऐकवली नाही, नुसतं म्हणाले, "मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण मागच्या रांगेत माझ्या शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. चालू द्या." पुढचे भाग मंजूर. पत्रकाची बंदी कायम, तोंडी निवेदनाला मुभा.

म्हणजे मी दर आठवड्याला तिथे उभं राहायचं. फेनसाहेबांना म्हणालो, मला नट व्हायचं नाही. ते म्हणाले, "देवाशपथ होऊ नकोस." डोरीनने या रविवारी बूट घालून नदीकाठी फिरायला येतोस का, असं विचारलं. 'घालून' यावर जोर होता. हो म्हणालो.

गुरुवार, १५ ऑक्टोबर
आज चौथा भाग टीव्हीवर लागला. मिसेस ऑकेंडनच्या बैठकीत त्या, एडिथबाई आणि मी. घरी हसायला कुणाची परवानगी लागत नाही. कंटाळ्याचा डबा उघडला तेव्हा दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या.

त्याआधी मी पडद्यावर आलो होतो. टाय वाकडा होता. मी स्वतःला फार बारकाईने पाहिलं, दुसऱ्याचं काम तपासावं तसं. तो माणूस भिंतीच्या कडेने चालतो, कुठेही चुकत नाही. दारातून आत जातो. थांबतो. मागे बघतो. आणि मग, जिथे काही नाही, अगदी काहीच नाही, तिथे हात लांब करून ते धरून ठेवतो. एक मुलगी मान खाली घालून त्यातून जाते आणि आभार मानते.

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग कसंही. खुर्चीवरून घसरलो. चहा सांडला.

"काय झालं रे?" मिसेस ऑकेंडन घाबरल्या.

"दार," मी म्हणालो. "त्याने दार धरलं."

"मग? बाईमाणूस मागून येतंय, दोन्ही हात भरलेले. दार धरायचं नाही तर काय करायचं? मला तर तेवढंच एक रीतीचं वाटलं सगळ्यात." त्या एडिथबाईंकडे वळल्या. "काय गं?"

"चांगल्या घरचा दिसतो," एडिथबाई म्हणाल्या.

मी त्यांना समजावून द्यायला तोंड उघडलं. दार नव्हतं हे सांगितलं. ते दोघींना माहीत होतं. तिने आभार मानले हे सांगितलं. ते तर मानायलाच हवेत, म्हणाल्या. तिसरं वाक्य मला सापडेना. मी परत हसायला लागलो.

मिसेस ऑकेंडननी सांडलेला चहा पुसला आणि पर्समधून चष्मा काढला.

"असं कर, विल्फ्रेड," त्या म्हणाल्या, "तू ते कागदावर लिहून दे."